मिरजेत गाण्या-नाचाचा क्लास शोधताना

एका वाचक भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा :

यजमानांच्या बदलीमुळे वर्षभरापूर्वी हे कुटुंब पुण्याहून मिरजेला, सासरच्या घरी राहायला आलं. मुलगी आठ वर्षांची. पुण्यात दोन वर्षं कथक शिकत होती, इथे आल्यापासून बंद आहे. मुलगा सातवीत. त्याला गिटार शिकायची आहे, पण आजोबांना वाटतं त्याने तबला शिकावा. ते स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतात. यजमानांचं म्हणणं, दहावीला ज्याचे गुण मिळतील तेच शिकवा. बाई स्वतः लग्नाआधी गाण्याची 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा झालेल्या. माहेरचा तंबोरा कपाटावर पडून आहे. चाळिशीत पुन्हा शिकावंसं वाटतं, पण लहान मुलांत बसायची लाज वाटते. सांगलीच्या विश्रामबागेत एक मोठी अकॅडमी आहे. तिथे कथक, गिटार, गाणं, तबला सगळं मिळतं, वर्षाची फी एकदम भरली तर सवलत आहे आणि दरवर्षी नाट्यगृहात झगमगीत कार्यक्रम होतो. मिरजेतच एक वयस्कर बाई घरी कथक शिकवतात असं कानावर आलंय, पण त्यांच्या दारावर पाटीसुद्धा नाही. पुण्याच्या गुरू ऑनलाइन शिकवायला तयार आहेत. 'पुण्यात चांगलं काय ते माहीत होतं, इथे कोणाला विचारायचं? आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी शिकता येईल असा क्लास कसा निवडायचा?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

पत्रात तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय, की पुण्यात होतं तसं इथे काही नाही. आधी याबद्दलच बोलू या, कारण हे मनात धरून शोधायला निघालात तर समोर आलेलं प्रत्येक माणूस तुम्हाला कमीच वाटेल.

तुम्ही राहता त्या गावात थोर गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना गाणं शिकवलं. त्याच पलुस्करांनी पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमाने, चारचौघांच्या मुलामुलींना शिकवायची वाट पाडली. तुम्ही मध्यमा पूर्ण झालात ती याच वाटेने. पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू करणारे विनायकबुवा पटवर्धन जन्माने मिरजेचे. गायिका हिराबाई बडोदेकरही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे स्थायिक झाले, आणि १९३७ मध्ये मद्रासकडच्या प्रवासात ते गेले तेव्हा त्यांचं दफन मिरजेलाच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी दर्ग्याच्या आवारात संगीत सभा होते. तिथे कोणीही जाऊन बसावं.

गावाला मोठा इतिहास आहे म्हणून गावातले सगळे शिक्षक चांगले, असं माझं म्हणणं नाही. तसं कुठेच नसतं. पण सुराला आणि लयीला तयार झालेला कान असलेली माणसं मिरज-सांगलीत भरपूर आहेत. पुण्यात तुम्ही क्लासचं नाव ऐकून गेलात. इथे आधी अशा माणसांना गाठायचं आणि क्लासचा पत्ता त्यांच्याकडून घ्यायचा. पाटी नसलेल्या बाईंचं नाव तुमच्या कानावर आलं ते याच वाटेने आलं असणार.

मग विचारायचं कोणाला? कपाटावरचा तो तंबोरा खाली काढा आणि सतारमेकर गल्लीत घेऊन जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे तुम्ही वाचलं असेल. पण आपल्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारांचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासून घ्यायला, आणि तारा बदलायला गावातले आणि आजूबाजूचे गाणारे-वाजवणारे या गल्लीत येतात. कोणाच्या वाद्यावर रोज हात फिरतो आणि कोणाचं नुसतं गॅदरिंगपुरतं बाहेर निघतं, हे कारागिराला वाद्य हातात घेताच कळतं. कोणाचे विद्यार्थी स्वतः तंबोरा जुळवून घेतात हेही त्याला ठाऊक असतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलून देणाऱ्यांचंही तसंच. तंबोरा आधी नुसता दाखवा, थोडा वेळ तिथे बसा आणि सरळ विचारा, 'आठ वर्षांच्या मुलीला कोणाकडे पाठवू?'

दुसरी माणसं म्हणजे साथीदार. नाचाच्या वर्गाला तबला वाजवणारे, पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी एकच धून पुन्हा पुन्हा, धरणारे चार वर्गांत जातात. कोणत्या वर्गात मुलं लयीत आहेत आणि कोणत्या वर्गात नुसतं पाठ केलेलं करतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तुमच्या सासऱ्यांच्या भजनी मंडळात तबला किंवा पखवाज वाजवणारं कोणी असेलच. त्यांनाही विचारा. सासऱ्यांना या शोधात सोबत घेतलंत तर नातवाच्या गिटारीवरून होणारी कुरबूरही थोडी निवळेल.

तिसऱ्या म्हणजे तुमच्या पुण्याच्या गुरू. त्यांना ऑनलाइन शिकवणार का असं विचारण्याआधी, सांगली-मिरज-कोल्हापूर भागात त्यांच्या माहितीतलं कोण आहे, हे विचारायला हवं होतं असं मला वाटतं. कथकचं वर्तुळ काही फार मोठं नाही, बरीचशी माणसं एकमेकांना ओळखून असतात. शिवाय गुरूंनी नाव सुचवलं की मुलीच्या मनात 'मी माझ्या बाईंना सोडलं' हा सल राहत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या मनात तो असतो, बोलून दाखवत नाही इतकंच.

नावं हाती आली की वर्ग बघायला जा, पण कार्यक्रम बघायला नको. नाट्यगृहातला वार्षिक कार्यक्रम बघून क्लास ठरवणं ही पालकांची सगळ्यांत नेहमीची चूक. त्या दिवशी प्रकाशयोजना असते, ध्वनिमुद्रित संगीत असतं, मधल्या रांगेत चांगली मुलं आणि कडेला बाकीची. तिथे शिकवणं दिसत नाही. मधल्या वारी, संध्याकाळी, कुठलीही परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ नसताना जा आणि पूर्ण वेळ बसा.

कथकच्या वर्गात काय बघाल? मुली तत्कार, म्हणजे तालातलं पायांचं काम, करताहेत असं समजा. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. एकपट झाली, दुप्पट झाली, चौपट सुरू झाली की एखादी मुलगी सोळा मात्रांच्या कुठेतरी मध्येच सुटते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते. आता बाई काय करतात तिकडे लक्ष द्या. काही जणी ओरडतात. काही जणी तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढच्या रांगेकडे बघत राहतात, कारण पुढची रांग बरोबर असते. चांगली शिक्षिका सगळ्यांना थांबवते, त्या मुलीला हातावर टाळी-खाली (तालाचे टप्पे) दाखवत बोल तोंडाने म्हणायला लावते, मग तेवढंच पायाने करून घेते आणि पुन्हा सगळ्यांसोबत सोडते. दोन मिनिटांचं काम आहे. पण अर्ध्या-पाऊण तासात हे एकदाही घडलं नाही आणि चुकणाऱ्या मुली दिसत असूनही घडलं नाही, तर फी कितीही कमी असली तरी तो वर्ग तुमच्या मुलीसाठी नाही. पढंत होते का, म्हणजे पायाने करायच्या आधी मुली बोल तालात म्हणतात का, हेही बघा. जमीन बघा. कठीण फरशीवर अनवाणी तत्कार रोज आपटून करायचा तर टाचा, गुडघे आणि कंबर धरतात. आठ वर्षांच्या पायांना तर ते जास्तच बाधतं. लाकडी जमीन प्रत्येक घरात असणार नाही, पण बाईंनी निदान काही अंथरलंय का, वेळ आटोक्यात ठेवतात का, हे विचारता येतं. आणि पहिल्याच आठवड्यात भरगच्च घुंगरू विकत घ्यायला लावत असतील तर थोडं थांबा.

गाण्याच्या वर्गात एकच गोष्ट बघा, बाकीचं आपोआप कळेल : मुलांना कुठल्या पट्टीत गायला लावतात, म्हणजे 'सा' किती उंच किंवा खाली धरतात. शिक्षक स्वतःच्या सोयीच्या पट्टीत पेटी धरून पंधरा मुलांना त्यातच ओढत असतील, तर खालच्या स्वरांना मुलांचा आवाज पुटपुटतो आणि वरच्यांना चिरकतो. मुलं वाईट गात नसतात, पट्टी त्यांची नसते. मुलाला वेगळं बसवून त्याची पट्टी काढून देणारा शिक्षक मिळाला तर धरून ठेवा. तुमच्या मुलाने कधी गाण्याचं मनावर घेतलंच, तर त्याच्या वयात हे फार महत्त्वाचं आहे, कारण एक-दोन वर्षांत त्याचा आवाज फुटेल.

आणखी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, कारण गुरू या शब्दाच्या धाकाने आपण ती विचारत नाही. पालकांना वर्गात बसू देत नाहीत, दार लावून घेतात, एकट्या मुलाला वेळीअवेळी बोलावतात, अशा ठिकाणी मूल पाठवायचं नाही. शिक्षक कितीही थोर असले तरी नाही. रोज बसायची गरज नाही, पण कधीही येऊन बसण्याची मुभा हवी. दुरुस्तीसाठी हात, खांदा, पाय धरावा लागतो. तो सगळ्यांसमोर आणि सांगून धरायचा, हे चांगले शिक्षक स्वतःच पाळतात. मुलं घरी आली की 'आज काय शिकलीस?' याच्याबरोबर 'आज वर्गात कसं वाटलं?' हेही विचारत जा.

आता 'सगळ्यांना एकाच ठिकाणी' हा तुमचा आग्रह. तुमची ओढाताण मला समजते. दोन मुलं, दोन क्लास, आणण्या-सोडण्याचं काम बहुतेक तुमच्याच वाट्याला. तरीही हा आग्रह मला पटत नाही. ज्या शिक्षिकेकडे कथक उत्तम आहे, तिच्याच इमारतीत गिटारही उत्तम असेल असं मानायला काही आधार नाही. आणि शिकणं वर्गात थोडंच होतं. वर्ग आठवड्यातून दोनदा, तासभर. मधल्या दिवसांत घरात काय वाजतं आणि कोण ऐकतं, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून एकत्र आणायचं ते घरातल्या रियाजाला. संध्याकाळची वीस मिनिटं ठरवा. मुलगी तत्कार करेल, आजोबा पेटीवर तिच्यासाठी लेहरा धरतील. भजनाची पेटी वाजवणाऱ्याला तीनतालाचा साधा लेहरा बसवणं अवघड नाही, तिच्या बाईंकडून तो एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणा. ज्या घरात पेटी वाजवणारे आजोबा आहेत त्या घराला कुठल्याही अकॅडमीपेक्षा मोठी सोय आहे, आणि पत्रात तुम्ही ती फक्त एक अडचण म्हणून लिहिली आहे.

हाच विचार अंतरालाही लावा. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत पायी जाता येईल अशा अंतरावरचा नेटका, शांत, नियमित शिक्षक मला लांबच्या नामवंतापेक्षा बरा वाटतो. मिरजेहून विश्रामबाग काही फार लांब नाही. पण पावसाळ्यात, शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत, तुम्ही आजारी असताना, बुडणारा पहिला क्लास तोच असेल. मुलगी चौदा-पंधराची झाली आणि तिला खरंच पुढे जायचं असेल, तेव्हा कोल्हापूर काय, पुणं काय, लांब जायची वेळ तीच. म्हणून पाटी नसलेल्या बाईंकडे आधी जाऊन या. वर सांगितलेल्या गोष्टी तिथे दिसल्या, तर मी मुलीला तिथेच घालेन. नाही दिसल्या, तर अकॅडमीतल्या कथकच्या बाईंचा वर्गही याच डोळ्यांनी बघा. मोठी अकॅडमी म्हणजे वाईटच असं अजिबात नाही. तिथे शिकवायला कोण आहे आणि ते किती वर्षं टिकून आहेत हे महत्त्वाचं. दर सहा महिन्यांनी शिक्षक बदलत असतील तर मूल दर सहा महिन्यांनी मागे जातं. जुन्या विद्यार्थिनींना विचारलंत की हे लगेच कळेल.

नव्या बाईंकडे जाताना 'हिचं इतकं इतकं झालंय' असं सांगत जाऊ नका. कथकमध्ये हस्तक, म्हणजे हातांची ठेवण, धरण्याची, चक्कर घेण्याची पद्धत घराण्याप्रमाणे आणि गुरूप्रमाणे बदलते. नव्या बाई काही गोष्टी पुन्हा पहिल्यापासून घेतील. मुलीला ते मागे ढकलल्यासारखं वाटेल. तेव्हा बाईंच्या बाजूने उभ्या राहा.

ऑनलाइनचं म्हणाल तर तो मुख्य क्लास करू नका. आवाज पलीकडे थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकाच वेळी ताल धरू शकत नाहीत. गुरूंना स्क्रीनवर पाऊल जमिनीवर सपाट पडतंय की टाचेने, हे नीट दिसत नाही. मोठ्या, तयार विद्यार्थ्याला यातूनही बरंच मिळतं. आठ वर्षांच्या मुलीला नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जुन्या बाईंना जे शिकलं ते दाखवणं मात्र चालू ठेवा, नव्या बाईंच्या कानावर घालून.

मुलाला गिटार शिकू द्या. बारा वर्षांच्या मुलाने स्वतःहून वाद्य मागितलं आहे, हे किती घरांत घडतं? तबला आजोबांना हवा म्हणून लादलात तर वर्षभरात तबलाही जाईल आणि गिटारही. त्याच्यासाठी मोठं नाव शोधायची गरज नाही. जवळपास राहणारा, चांगला वाजवणारा, वेळ पाळणारा, गिटार सुरात लावायला आधी शिकवणारा कोणी कॉलेजचा मुलगाही सुरुवातीला चालेल. शक्य असेल तर पहिली गिटार नायलॉनच्या तारांची घ्या. स्टीलच्या तारांनी बोटांची टोकं सोलवटतात आणि पुष्कळ मुलं पहिल्या महिन्यातच सोडतात. गुरुवारच्या भजनाला त्याला आजोबांशेजारी टाळ घेऊन बसवा. ताल अंगात मुरायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि गिटारवाल्यालाही ताल लागतोच.

राहिले यजमान आणि दहावीचे गुण. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना राज्य मंडळाच्या दहावीला वाढीव गुण मिळतात, हे खरं आहे. किती परीक्षा, किती गुण, प्रस्ताव कधी द्यायचा, याचे चालू नियम शाळेतून लिहून आणा. पण त्या गुणांसाठी वाद्य निवडू नका. मुलगी दहावीला जाईपर्यंत तिच्या हाती सात-आठ वर्षं आहेत. नीट शिकत राहिली तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण आणि त्यापुढच्याही परीक्षा ओघाने होतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दर सत्राला फॉर्म भरलाच पाहिजे असा आग्रह धरणारा क्लास मला आवडत नाही. तिथे अभ्यासक्रमातलं तेवढंच घोटून घेतात, आणि मुलाला प्रमाणपत्र असूनही पाच मिनिटं मोकळेपणाने गाता-नाचता येत नाही. मुलाला गिटारीसाठी हे गुण बहुधा मिळणार नाहीत. यजमानांना तसं मोकळेपणाने सांगा. सातवीतल्या मुलाचा हातचा आनंद थोड्या गुणांसाठी घालवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

पैशांबाबत थोडक्यात : वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही असो. दोन-तीन महिने दरमहा भरा आणि मगच ठरवा. पोशाख, कार्यक्रमाची वर्गणी, परीक्षेचा फॉर्म, साथीदारांचं मानधन, हे फीमध्ये धरलंय की वेगळं, ते पहिल्याच भेटीत विचारा. विचारल्याचं चांगल्या शिक्षकांना वाईट वाटत नाही.

आणि आता तुमचं. पत्रात स्वतःबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी, चार ओळींत लिहिलंय. मला वाटतं या घरात पहिला क्लास तुमचा लागायला हवा. आई रोज सकाळी तंबोरा लावून बसते हे बघणाऱ्या मुलांना रियाजाला बस म्हणून सांगावं लागत नाही, निदान रोज तरी लागत नाही. लहान मुलांत बसायची लाज वाटत असेल तर बसूच नका. घरी शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांची सकाळ दहा ते बाराची वेळ मोकळी असते, कारण मुलं तेव्हा शाळेत असतात. ती वेळ मागा. तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी निघतील, विचारणारं कोणी नसतं म्हणून त्या घरी असतात. जाताना मध्यमा पूर्णचं प्रमाणपत्र नेऊ नका. इतक्या वर्षांनी आवाज खाली उतरलेला असतो, तेव्हा जुनी पट्टीही धरून बसू नका. नवी पट्टी काढून घ्या आणि पहिले दोन-तीन महिने मंद्र सप्तकातला, म्हणजे खालच्या स्वरांचा, खर्जाचा रियाज आणि भूप किंवा यमनचे अलंकार एवढंच करा. विशारद या पुढच्या परीक्षेचा विचार वर्षभराने. तंबोरा गल्लीत द्याल तेव्हा तारा या नव्या पट्टीला बसतील अशाच घालून घ्या. म्हणजे पहिल्या फेरीत तंबोरा नुसता दाखवून नावं घ्या, शिक्षकांकडे जाऊन पट्टी ठरवा, मग तारा घालायला तो पुन्हा न्या.